परमनंट झाल्याचे पेढे

आमच्या मोहल्ल्यात मले माह्या नावानं कोनी हाक मारत नाई. नवीन मानूस माह्यं घर इचारत आला तं लोक म्हनतेत, "परमनंटचं काय? नाल्याच्या कडेनं सरळ जा, निळं दार हाय." बायकोले बाया परमनंटीन म्हनतेत. एकडाव बँकेतल्या पोरीनं माह्यं खरं नाव घेऊन हाक मारली, तं मी बसूनच राह्यलो. मनात म्हनलं, कोन हाय हा बह्यरा, पोरगी बोंबलून राह्यली अन् हा उठत नाई.

हे नाव मले कसं पडलं ते सांगतो. मी शाळेत गेलो नाई, म्हनजे गेलतो, पन मास्तरले अन् मले दोघायलेही ते जमलं नाई. म्हनून तोंडानंच सांगतो.

आमच्या हिंगणघाटात तवा मिलचा भोंगा वाजे. सकाळचा भोंगा झाला की बाया चुलीवर तवा ठेवत, म्हातारे दातन घेऊन भाईर येत. भोंगा वाजला नाई अशा दिवशी आमच्या गल्लीत उजाडत नसे, असं वाटे. त्या मिलीत दोन जातीचे लोक होते. एक परमनंट, अन् दुसरे आमी, बदलीवाले. परमनंटची जागा पक्की. तो आला नाई तं त्या दिवसापुरता त्याच्या जागेवर बदलीवाला. आमी पाळीच्या टायमाले फाटकासमोर उभे राहू. टाइमकीपर बाबू भाईर ये, आमच्याकडे पाहे अन् बोटानं दाखवे, तू, तू अन् तू. ज्यायच्याकडे बोट आलं ते आत, बाकीचे डब्बा घेऊन घरी. लोक देवाजवळ सगळ्यायचं बरं मांगतेत, मी दुसऱ्यायचा खोकला मांगो. लय नाई, एका पाळीपुरता.

माह्या लग्नाच्या वक्ती सासऱ्यानं कारंज्याहून निरोप धाडला होता, पोरगा परमनंट हाय काय. मधल्या मानसानं सांगतलं, होऊन राह्यला. खोटं नाई बोलला तो. मी लग्नात होऊन राह्यलो होतो, पोरगी झाली तवाही होऊन राह्यलो होतो, अन् तिच्या कानाले भोकं पाडली तवाही होऊनच राह्यलो होतो. सासरा दर दिवाळीले इचारे. मंग त्यानं इचारनं सोडलं. तोंडाकडे पाहे फक्त, अन् मले चहात साखर कमी लागे.

फाटकावर माह्या बाजूले भाऊ उभा राहे. सख्खा नाई. माह्यापेक्षा उमरीनं मोठा, बदलीतही माह्याआधी लागलेला, म्हनून सारेच त्याले भाऊ म्हनत. कुठी उभं राह्यलं की बाबूची नजर पहिले पडते, ते त्यानंच मले शिकवलं. पन बाबू मलेच जास्ती वेळा घे. काऊन, तं मी नकला करो. मुकादमाची, मॅनेजरची, एकडाव बाबूसमोर बाबूची केली. तो हसला अन् मले आत घेतलं. भाऊ तसाच कामाचा मानूस, पन त्याले हसवता येत नसे. तो घरी जाये अन् जाता जाता म्हने, "जा बे, तुले तोंडाचा पगार हाय." त्याच्या मनात काही नसे. माह्यापाशी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी ठेवून जाये.

रोजीतून विम्याचे थोडे पैसे कापत. बदलीवाल्याचेही कापत. मी लय चिडो. घरी म्हनो, परमनंटचं काहीच नाई देत आमाले, कापाच्या वक्ती बरोबर परमनंट समजतेत. बायको म्हने, दवाखाना तं भेटते ना, पोरगी तापली तवा औषध तथूनच आनलं. मी म्हनो, तू चूप राह्य, तुले मिलीतलं काय समजते. मलेही समजत नव्हतं, पन मिलीत मी जात होतो.

अंगठा गेला तो नकलेपायीच गेला. कापूस पिंजाच्या कार्डिंग खात्यात तिसऱ्या मशीनपाशी मुकादमाची चाल दाखवत होतो. तो चाले तवा डावा हात लय मांगं झुलवे. मी आधीच डेबरा, डाव्या हाताचा. झुलवला हात जोरानं, अन् मशीनची जाळी त्या दिवशी साफसफाईले काढून ठेवली होती. मी बोंबललो तं लोक आनखी हसले. मुकादम असाच बोंबले म्हना. पहिले कोनाले समजलं, तं भाऊले. त्यानं आपला दुपट्टा सोडून माह्या हाताले गुंडाळला अन् बाकीच्यायकडे अशा नजरेनं पाह्यलं, का मशीनही चूप झाल्यावानी वाटली.

दवाखान्यात बाबू मले पाहाले आला. मी खाटेवर रडत होतो. हात दुखे म्हनून रडत होतो, पन त्याहून जास्ती हे, का बदलीवाल्याचा अंगठा गेला म्हनजे बदलीही गेली. अंगठा नसलेल्याकडे कोन बोट दाखवन? बाबूनं स्टूल वढलं अन् मले समजावून सांगतलं. काम करताना लागलं म्हनजे विमा भत्ता देते. जखम भरत नाई तवरोक टेम्परवारी भत्ता, रोजीच्या रुपयातले नव्वद पैसे. तीन गोष्टी सांभाळाच्या. इलाज सोडाचा नाई, डॉक्टरचं सर्टिफिकेट टायमावर द्याचं, अन् त्या दिवसांत कुठीच मजुरीनं काम कराचं नाई. अन् भत्ता चालू हाय तवरोक मिलवाला तुले काढू शकत नाई.

मी इचारलं, "म्हनजे घरी बसून?"

"बसून."

"परमनंट आले का न आले, तरी?"

"तरी."

जिंदगीत पहिल्यांदा माही हाजरी पक्की झाली होती, अन् मी खाटेवर होतो.

ते दिवस मले आताही आठवतेत. बायको वेना नदीच्या काठच्या एका भाजीवाल्याच्या वावरात जाये, वांगे, मेथी, सांबार म्हनजे कोथिंबीर तोडाले. मीही तिच्यासंगं जाऊन वावराच्या कडेले धुऱ्यावर बसो. सकाळचं ऊन, ओल्या सांबाराचा वास, अन् दुरून मिलचा भोंगा. भोंगा वाजला की पाय आपोआप उठत, मंग आठवे, आपन तं भत्त्यावर हाव. एकडाव बसून बसून कटाळलो अन् उजव्या हातानं दोन वांगे तोडले. बायको वरडत आली. वावराच्या मालकानं हसत हसत म्हनलं होतं, काय बावा, तुलेही मजुरी देऊ काय. तेवढ्यावरच तिचा जीव गेला. कोनी पाह्यलं तं भत्ता जाईन म्हने. त्या दिवसापासून तिनं मले हात लावू देल्ला नाई कशाले. पान्याचा लोटाही उचलू दे नाई. गल्लीतल्या बाया म्हनत, नवी नवरी हाय काय घरात. मी म्हनो, व्हय, हयद उतरेपर्यंत भाईरचं काम बंद हाय.

मंग जखम भरली. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीन बाईनं हात उलटापालटा करून पाह्यला. ती चांगली बाई होती, पन भाईर लाइन लय मोठी होती. ती म्हनली, "छान भरलंय. आता तुमचं टेम्पररी बंद. परमनंटसाठी तुम्हाला बोर्डाकडे पाठवते."

मी म्हनलं, "परमनंट? पक्कं काय बाई?"

"हो काका, यात काय शंका. अंगठा गेलाय, तुमचं परमनंटच आहे."

आता तुमीच सांगा. टेम्परवारी बंद, परमनंट सुरू, अन् बोर्ड. आमच्या मिलीतही बोर्ड होतं. बोर्डाची मीटिंग असली का आमच्याकडून सारा रस्ता झाडून घेत अन् फाटकाले रंग देत. मले दुसरं बोर्ड या जगात हाय हेच मालूम नव्हतं. मले वाटलं, मिलीनं अंगठा घेतला, आता बदल्यात परमनंट करून राह्यली. इमानदार मिल हाय म्हनलं. मी त्या बाईच्या पाया पडलो. ती घाबरून उठली.

चौकातून पेढे घेतले. घरी गेलो नाई, सरळ फाटकावर गेलो. दुपारच्या पाळीचा टाइम होता, सारे बदलीवाले उभे होते. मी पेढे वाटले अन् म्हनलं, घ्या, मी परमनंट झालो. कोनी माह्या पाठीवर थापा मारल्या, कोनी म्हनलं, पाह्य बावा, देवाच्या घरी देर हाय. बाबूही भाईर आला, त्यानंही गडबडीत एक पेढा तोंडात टाकला.

भाऊनं पेढा घेतला. खाल्ला नाई. हातात धरून राह्यला. मंग माह्या डाव्या हाताकडे पाह्यलं, अन् मंग आपल्या.

"अंगठ्यात होते काय बे?"

"झालं ना."

"मले आधी सांगाचं असतं," तो म्हनला. हसला. मीही हसलो. मंग त्यानं इचारलं, कोन्ती मशीन होती ती, तिसरी का चवथी. मी सांगतलं, तिसरी. हात कसा गेला, जाळी कुठून उघडी होती, त्यानं इचारलं अन् मी सारं सांगतलं. सांगतलं नाई, करून दाखवलं. परमनंट झाल्याच्या गर्मीत होतो. मुकादमाची चाल चालून दाखवली, हात असा मांगं, इथपर्यंत, बस. पाच-सहा जनं पाहून हसले. भाऊ नाई हसला. पन तो हसतच नसे कधी माह्या नकलेले, म्हनून मले काही वाटलं नाई.

बाबूनं बोट दाखवलं. त्या दिवशी भाऊकडे दाखवलं. भाऊनं पेढा खिशात ठेवला अन् आत गेला.

फाटक लागल्यावर मी बाबूपाशी गेलो. म्हनलं, बाबूजी, मले कोन्तं खातं भेटन, अन् बोर्डासमोर जाताना नवीन शर्ट घालाव लागते काय. बाबू म्हनला, कोन्तं बोर्ड? मी डॉक्टरीन बाईचं सारं जसंच्या तसं सांगतलं, तिच्या आवाजात. बाबूचं तोंड अजूक पेढ्यानं गोड होतं. तो पहिले हसला, मंग माह्याकडे पाहून हसू गिळलं.

"अरे बावा," तो म्हनला, "परमनंट तू नाई झाला. परमनंट तुहं नुकसान झालं."

त्यानं फाटकापाशीच मले समजावलं. जखम भरेपर्यंत टेम्परवारी. भरली का ते बंद. पन अंगठा काही परत उगत नाई, ते नुकसान कायमचं. म्हनून डॉक्टरायचं एक बोर्ड बसते. ते पाह्यतेत, का या मानसाची कमावाची ताकद शंभरातली किती गेली. जेवढी गेली तेवढा हिस्सा महिन्याच्या महिन्याले, मरेपर्यंत. काम करजो, नाईतं घरी बसजो, तो सुरूच राह्यते. त्याले म्हनतेत परमनंट. मिलीचा अन् त्या बोर्डाचा काही संबंध नाई.

"अन् मी?"

"तू बदलीचा बदली."

"मंग पेढे?"

"चांगले होते," बाबू म्हनला.

मी उभ्या उभ्या शरमेनं मेलो. सासऱ्याचं तोंड दिसलं, बायकोचं दिसलं. अन् मंग, एकदम, भाऊचं दिसलं. मले आधी सांगाचं असतं. तिसरी का चवथी. हात कसा गेला.

मी पळालो. चौकीदारानं अडवलं, तुही पाळी नाई म्हने. मी त्याच्या हाताखालून गेलो. मांगून बाबूचा आवाज आला, जाऊ दे त्याले. कार्डिंग खात्यात कापसाचा भुस्सा धुक्यावानी उडे, दहा पावलांवरचा मानूस दिसत नसे. तिसऱ्या मशीनपाशी भाऊ उभा होता. जाळी उघडी होती. त्यानं डाव्या हाताची बाही वर केली होती, अन् हात नुसता लोंबत होता. लय येळचा तसाच उभा असन असं वाटलं. काय पाहून राह्यला होता, त्यालेच मालूम.

मी वरडलो. त्या खात्यात मशीनीच्या आवाजापुढे कोनाचंच आयकू ये नाई, तोंड कानाले लावलं तरी नाई. आमी तथी हातानंच बोलो. मंग मी माह्या जिंदगीतली सगळ्यात मोठी नक्कल केली. डावा हात त्याच्या डोळ्यासमोर धरला. अंगठ्याच्या जागी बोट ठेवलं अन् छाती फुगवून मोठ्या सायबावानी चाललो: हा परमनंट. मंग स्वताकडे बोट दाखवलं, डब्बा बगलेत धरल्यावानी केलं, फाटकासमोर उभा राह्यलो, मान खाली घातली: मी बदली. मंग पेढे वाटले. मंग स्वताच्या डोस्क्यावर चापट मारली.

भाऊ पाह्यत राह्यला. त्याले समजाले टाइम लागला. मंग त्याचे खांदे हलाले लागले. मले वाटलं रडून राह्यला. तो हसत होता. माह्या नकलेले तो पहिल्यांदा हसला, अन् असा हसला का खाली बसला, त्या भुस्स्यात. मी आधी जाळी लावली. मंग त्याच्या बाजूले बसलो. त्यानं खिशातून पेढा काढला, कापूस चिकटला होता त्याले, अर्धा मोडून मले देल्ला.

पाळी सुटल्यावर त्यानंच सगळ्यायले सांगतलं. चौकापर्यंत जाईस्तोवर माह्यं नाव परमनंट झालं होतं. हात मशीनीत घालनार होता का नाई, हे मी त्याले कधी इचारलं नाई. त्यानंही कधी सांगतलं नाई.

डॉक्टरायच्या बोर्डापुढे बायको संगं आलती. नवीन शर्ट घातला होता मी, शिकलो नव्हतो काहीच. तथल्या बाबूनं खाली पाह्यत पाह्यत शाईचा डब्बा पुढे केला अन् म्हनला, सही नाई येत? मंग डावा अंगठा लावा. आता मी अंगठेबहाद्दर. साऱ्या दुनियेत माही सही एकच, अन् ती मिलीत राह्यली होती. तवरोक पट्टी पाहून लोक उजवा चालवून घेत, आता पट्टी नव्हती. मी म्हनलं, "सायेब, तो असता तं आलो असतो काय?" बाबूनं वर पाह्यलं. बायकोनं पदर तोंडाले लावला. घरून निघाल्यापासून ती रडवेली होती, तथी हसली.

बोर्डातल्या डॉक्टरनं इचारलं, या हातानं काय काय होत नाई. मी म्हनलं, शर्टाची गुंडी, पोरीची वेनी, अन् खर्रा. तिन्ही जमत नाई. त्यायनं शंभरातले तीस ठरवले. भाऊ म्हनला, तुह्यात शंभर होते कुठी.

मिलीनं मले परत घेतलं, बदलीवरच. बाबू झाडू माराच्या कामाले माह्याकडे बोट दाखवे. घरात दोन्हीकडून ये, थोडी रोजी अन् थोडा अंगठा. पोरीच्या लग्नात सासऱ्यानं पावन्यायले माही वळख करून देल्ली, हे आमचे जवाई, यायचं परमनंट हाय. खोटं नाई बोलला तोही. त्या दिवशी मी चहात दोन चमचे साखर घेतली.

मंग मिलच बंद पडली. भाऊ त्याच्या थोडा आधी परमनंट झालता, खराखुरा. त्यानं पेढे वाटले नाई. म्हने, तुह्या पेढ्यायची चव अजूक तोंडात हाय. परमनंट होते तेही घरी गेले, बदलीवाले होते तेही घरी गेले. भोंगा गेला. आता आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर उजाडते.

माहा हिस्सा अजूक येते. वर्षाकाठी एकडाव मी जिवंत हाव हे दाखवाव लागते, तवा भाऊ संगं येते. कंप्यूटरवरची पोरगी म्हनते, काका, अंगठा ठेवा, अन् भाऊ म्हनते, बाई, यायचा अंगठा परमनंट सुट्टीवर हाय. दरसाल हेच म्हनते. पोरगी बदलली तरी म्हनते.

तथून येताना आमी मिलीच्या फाटकासमोरच्या पुलियावर बसतो. फाटकाले कुलूप, कुलपाले जंग. आत निंबाचं झाड वाढून भिंतीच्या वर आलं. भाऊ खर्र्याची पुडी काढते अन् पन्नीत धरून अंगठ्यानं घोटत बसते. दोघायचा. माहा अंगठा गेला तवापासून माह्या वाट्याचा तोच घोटते. डॉक्टरनं बंद कराले सांगतलं हाय आमाले दोघायलेही. म्हनून थोडासाच.

परवा असेच बसलो होतो. दुपारच्या पाळीचा टाइम झाला होता, भोंगा असता तं वाजला असता. भाऊनं फाटकाकडे पाह्यलं अन् म्हनला, "काय परमनंट, आज घेईन काय आपल्याले बाबू?"

मी म्हनलं, "तू नीट उभा राह्य, त्याची नजर पडन अशा जागी."

तो उठला, शर्ट झटकला अन् फाटकासमोर आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभा राह्यला. मंग मीही त्याच्या बाजूले जाऊन उभा राह्यलो.